वडिलांच्या नावावरची बोट: आधी वारस चढवा, मग विका

जून लागला, बोटी शाकारून झाल्या की आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. बाबा गेले, बोट त्यांच्या नावावर आहे, गिऱ्हाईक तयार आहे, तर खरेदीखताचा नमुना द्या. मी दर वेळी तेच सांगतो, की बाबा नो, खरेदीखताची वेळच आलेली नाही अजून, कारण ज्याच्या नावावर बोट आहे तो सही करायला नाही आणि ज्याला सही करायचीय त्याच्या नावावर बोट नाही.

मग लोक काय करतात, तर स्टॅम्पपेपरवर "आम्ही सर्व वारस मिळून बोट विकत आहोत" असं लिहून पैसे घेऊन मोकळे होतात. काही महाभाग तर मेलेल्या माणसाची सही करून मागची तारीख टाकतात, तो सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे, त्याबद्दल इथे बोलतच नाही. स्टॅम्पपेपरवाल्यांची गाडी तीन वर्षांनी अडकते, घेणारा नोंदीला जातो तेव्हा रजिस्टरवर अजून बाबाच मालक असतात, तोवर एक बहीण बोलेनाशी झालेली असते आणि एक भाऊ मस्कतला.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. कायद्यात दोन वेगळी दारं आहेत. जिवंत मालक विकतो किंवा बक्षीस देतो ते ट्रान्सफर म्हणजे हस्तांतरण, आणि मालक गेल्यावर वारसाकडे जातं ते ट्रान्समिशन. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात पहिलं कलम ४२-४३ मध्ये आहे, दुसरं कलम ४४ मध्ये. दोन्हीचे कागद वेगळे, नोंदी वेगळ्या. खाली जी कलमं दिलीत ती याच जुन्या कायद्याची, कारण आजवरच्या फायली त्याच नंबरांनी चालल्यात. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केलाय, त्यामुळे कोणाकडून तरी मिळालेला झेरॉक्स फॉर्म भरू नका, काउंटरवर विचारून आज चालणारा फॉर्म घ्या.

१. बोट नक्की कुठल्या रजिस्टरमध्ये आहे ते बघा

निम्मी लोकं चुकीच्या ऑफिसात महिना घालवतात. आपल्या किनाऱ्यावर साधारण असं आहे:

- मासेमारी नौका असेल तर मत्स्यव्यवसाय खातं. नोंदणी आणि परवान्याची कामं रियलक्राफ्ट पोर्टलवरून होतात, पण फाईल शेवटी जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसातच फिरते.
- खाडीतली प्रवासी लाँच, बार्ज वगैरे अंतर्देशीय जलयान असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. तिथे २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा चालतो.
- समुद्रात जाणारं यांत्रिक जहाज, कोस्टर, टग, सप्लाय बोट वगैरे असेल तर मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट. तिथले प्रिन्सिपल ऑफिसर हेच रजिस्ट्रार. जहाजाचं नोंदणी बंदर मुंबई असेल तर काम मुंबईलाच, मग जहाज आज कुठेही उभं असो.

कलम ४४ आणि खालचा दहा हिश्श्यांचा हिशेब हा तिसऱ्या प्रकाराचा आहे. मासेमारी बोटीला त्याच कायद्यात वेगळा भाग आहे आणि खात्याचे स्वतःचे फॉर्म आहेत. कामाचा क्रम मात्र तिन्हीकडे हाच ठेवा.

सर्टिफिकेटवर मालक म्हणून कंपनीचं किंवा सहकारी संस्थेचं नाव असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. वारस लागतात ते वडिलांच्या शेअर्सना, जहाजाचा मालक तोच राहतो.

> थांबा: सातबाऱ्यावर वारस लागले म्हणजे बोटीवर लागले असं होत नाही. तलाठ्याकडचा फेरफार जमिनीचा. बोट ही कायद्याने जंगम मालमत्ता, तिचं रजिस्टर वेगळं.

२. कागद आणि प्रत्यक्ष बोट समोरासमोर ठेवा

हा टप्पा कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त फायली इथेच परत येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी नोंदणी सर्टिफिकेट शोधा. घरातल्या कपाटात नसेल तर केबिनमध्ये बघा, तांडेलच्या (बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या) फळीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सापडतं, कडा खाऱ्या पाण्याने पिवळ्या पडलेल्या. हरवलं असेल तर पोलिसात नोंद करून डुप्लिकेटसाठी अर्ज आधी टाका. आणि भावाने किंवा सावकाराने दाबून ठेवलं असेल तर त्याला सांगा की नोंदणी सर्टिफिकेट हे जहाज चालवण्यापुरतंच वापरायचं असतं, हक्क आहे किंवा पैसे येणे आहेत म्हणून ते अडवून ठेवता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय.

मग सर्टिफिकेट हातात घेऊन बोटीवर चढा. मोठ्या जहाजाचा अधिकृत नंबर आणि टनेज (जहाज किती मोठं ते सांगणारा आकडा) मुख्य बीमवर कोरलेलं असतं, ते जुळतंय का बघा. मासेमारी बोट असेल तर बाहेरचा आयएनडी-एमएच नंबर म्हणजे नोंदणी नंबर, लांबी-रुंदी आणि मुख्य म्हणजे इंजिन नंबर.

इंजिन नंबरचं दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे झालेलं सांगतो. सहा सिलिंडरची बोट, वडील गेलेले, सगळे वारस एकमताने तयार, फाईल एकदम छान. मी म्हटलं इंजिन नंबर बघून या. मुलगा म्हणाला बघितलाय, सर्टिफिकेटवर आहे ना. म्हटलं सर्टिफिकेटवरचा नको, इंजिनवरचा. मग आम्ही दोघं खाली उतरलो, ब्लॉकवर ऑइल आणि रंगाचा एवढा थर की बोटाला काही लागेना, घासलेटच्या फडक्याने अर्धा तास घासलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा आकडे दिसले. एकही जुळेना. बाबांनी कधीतरी दुसऱ्या बोटीचं इंजिन घेऊन बसवलं होतं, चांगलं चाललं, नोंद करायची राहून गेली. बिलही नव्हतं. वारसाचं काम राहिलं बाजूला, आधी इंजिन बदलाची नोंद करण्यात तो सीझन गेला.

शेवटी नावं जुळवा. सर्टिफिकेटवर, मृत्यू दाखल्यावर, आधारवर, बँकेत नाव एकच हवं. आपल्याकडे एका कागदावर गावावरून आडनाव असतं आणि दुसऱ्यावर कूळनाव, एकावर "पांडुरंग" आणि एकावर "पांडू". एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते कोर्टात जायच्या आधी करा, नंतर केलं तर कोर्टाच्या कागदावर एक नाव आणि रजिस्टरवर दुसरं अशी नवीनच भानगड उभी राहते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तर उशिराची नोंद करून घ्यायचं कामही याच टप्प्यात.

३. वारस कोण, ते कागदावर उतरवा

वंशावळ काढा, सगळ्यांची. "आम्ही दोघं भाऊच बघतो बोट" हे वारसा कायद्याला माहीत नसतं.

हिंदू असाल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा. पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई. सगळ्यांना सारखा हिस्सा. वडिलांच्या आधी त्यांचा एखादा मुलगा गेला असेल तर त्याची बायको-मुलंही येतात. दोन नावं नेहमी गळतात, लग्न झालेली मुलगी आणि आजी. आजी पंचाऐंशीची आहे, तिला काय करायचंय, असं म्हणून वगळतात, आणि मग कोर्टात काकाच हरकत घेतो.

मुस्लिम कुटुंबात शरियतप्रमाणे, मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, मुलाला मुलीच्या दुप्पट. वसईकडच्या ख्रिश्चन कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा, बायकोला एक तृतीयांश आणि बाकी मुलांमध्ये सारखं. गोव्यात गणितच वेगळं, तिथे लग्नाबरोबरच मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची निम्मी-निम्मी होते, म्हणजे नवरा गेला तर अर्धी बोट बायकोची आधीपासूनच असते आणि वारसा उरलेल्या अर्ध्याचा लागतो. तिथलं काम २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने, स्पेशल नोटरीकडे किंवा इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून (कोर्टात मालमत्तेची यादी करून वाटणी) होतं. महाराष्ट्रातला नमुना तिथे नेऊ नका.

सोसायटीत किंवा बँकेत बाबांनी नॉमिनी लावलाय म्हणून बोट त्याची, असं समजू नका. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, मालक नाही. कंपनीच्या शेअर्सबाबतसुद्धा सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय.

> तपासा: वारसांत कोणी १८ वर्षांखालचं आहे? मग पालक त्याच्या वतीने सही करू शकतो, पण त्याचा हिस्सा सोडून देऊ शकत नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी घ्या.
> तपासा: कोणी परदेशी नागरिक झालंय? जुन्या कायद्यात भारतीय जहाजाचा मालक माणूस असेल तर तो भारतीय नागरिकच हवा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवाला मुलगा चालतो. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेली मुलगी वारस आहेच, पण तिचं नाव चढलं तर जहाज भारतीय राहत नाही आणि कलम ४५ प्रमाणे प्रकरण हायकोर्टात विक्रीच्या आदेशापर्यंत जाऊ शकतं. नव्या कायद्यात ओसीआयवाल्यांसाठी (परदेशी नागरिक झालेले पण भारताचं ओसीआय कार्ड असलेले) दार उघडलंय, तरी अर्ज टाकायच्या आधी रजिस्ट्रारकडे हे विचाराच.

४. कोर्टाचा कागद आणा

कलम ४४ मध्ये मृत्यूच्या बाबतीत तीनच कागदांची नावं आहेत: सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र), प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का) किंवा लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मयताची मालमत्ता सांभाळायचा कोर्टाने दिलेला अधिकार). मृत्युपत्र असेल आणि त्यात एक्झिक्युटर म्हणजे ते अमलात आणणारा माणूस नेमला असेल तर प्रोबेट. मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नाही, किंवा मृत्युपत्रच नाही, तर लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन किंवा सक्सेशन सर्टिफिकेट. कुठलं घ्यायचं ते वकिलाला नाही, आधी रजिस्ट्रारला विचारा, कारण स्वीकारणार तो आहे.

आपल्या कोर्टांत १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो, लोकांना तोच माहीत असतो आणि तो घेऊन येतात. जहाजाच्या कलमात तो नाही. मासेमारी बोटीला खातं कोणता वारस कागद धरतं ते कोर्टात पैसे घालायच्या आधी लेखी विचारा. लेखी म्हणजे खरंच लेखी, अर्जाच्या प्रतीवर आवक नंबरसह. टेबलावरचा माणूस बदलला की तोंडी उत्तर बदलतं.

कोर्टातल्या अर्जाच्या मालमत्ता यादीत बोटीचं वर्णन सर्टिफिकेटवर आहे तसंच्या तसं घाला. "एक मासेमारी बोट, अंदाजे किंमत इतकी" असं वकील लिहून मोकळा होतो, आणि कोर्टाचा कागद हातात आल्यावर तो नक्की कुठल्या बोटीचा हेच सिद्ध होत नाही. नाव, नंबर, नोंदणी बंदर, इंजिन नंबर, सगळं. जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, कोणी हरकत घेतली तर तारखा, हे सगळं धरून चला, गिऱ्हाईकाला "पंधरा दिवसांत देतो" असं सांगू नका.

५. दहा हिस्से कसे बसवायचे

नोंदणीकृत भारतीय जहाजाची मालकी रजिस्टरमध्ये दहा हिश्श्यांत मोजतात. रुपयात पैसे तसे जहाजात दहा हिस्से. नियम असे, की हिश्श्याचा तुकडा कोणाच्या नावावर लागत नाही, स्वतंत्र मालक एका वेळी दहापेक्षा जास्त नसतात, आणि एक हिस्सा किंवा अख्खं जहाज जास्तीत जास्त पाच जण संयुक्त मालक म्हणून घेऊ शकतात.

आई, आजी, दोन मुलगे, एक मुलगी असे पाच वारस असतील तर प्रत्येकी दोन, सोपं झालं. पण आई, मुलगा आणि मुलगी असे तीनच असतील तर? प्रत्येकी सव्वातीनच्या वर काहीतरी, आणि ते रजिस्टरमध्ये बसत नाही. मग दोनच रस्ते. एक तर घरात ठरवून ३-३-४ करा आणि ज्याने जास्त घेतला त्याने इतरांना पैसे देऊन तसं हक्कसोड पत्र करा. नाहीतर तिघांची नावं दहाही हिश्श्यांवर संयुक्त मालक म्हणून लावा.

संयुक्तमध्ये एक मेख आहे. संयुक्त मालक कायद्याच्या नजरेत एकच माणूस, कोणी एकटा उठून "माझा भाग" विकू शकत नाही. भावाभावांत आधीच धुसफूस असेल तर हे कधी फायद्याचं पडतं, कधी गळफास. मुस्लिम कुटुंबात आठव्याचा हिशेब दहात नीट बसतच नाही, तिथे बहुतेक वेळा संयुक्तच लावावं लागतं, आणि कोणाचा खरा वाटा किती ते वेगळ्या करारात लिहून ठेवावं लागतं. रजिस्टरमध्ये नाव नसलेल्याचा आतला हक्क त्यामुळे मरत नाही.

दोघांत भागी होती आणि एकच गेला तर फक्त त्याच्या नावावरचे हिस्से वारसांकडे जातात. दुसऱ्या भागीदाराची सही घ्यायला धावू नका, त्याचं काही बदलत नाही.

६. रजिस्ट्रारकडे ट्रान्समिशनची नोंद

आता अर्ज. ठरलेल्या नमुन्यात ट्रान्समिशनचं डिक्लेरेशन म्हणजे घोषणापत्र, त्यात जहाजाची ओळख आणि मालकी कशी, कोणाकडे आली त्याचं निवेदन. सोबत कोर्टाचा कागद किंवा त्याची प्रमाणित प्रत, मृत्यू दाखला, मूळ नोंदणी सर्टिफिकेट, प्रत्येक वारसाच्या नागरिकत्वाचा पुरावा. परदेशात असलेल्या वारसाने सही भारतीय वकिलातीत करावी, कुरिअरने कोरा सही केलेला कागद मागवू नये.

रजिस्ट्रार नावं चढवतो. त्याच दिवशी रजिस्टरचा उतारा मागून घ्या आणि प्रत्येक अक्षर वाचा. चूक निघाली तर तिथेच सांगा.

> इथे गल्लत होते: ट्रान्समिशन आणि विक्री एकाच अर्जात घालायचा मोह आवरा. दोन नोंदी, दोन फायली. पहिलीचा उतारा हातात आल्याशिवाय दुसरी उघडू नका.

७. नावाबरोबर जे बदलत नाही ते

कर्ज. बँकेची किंवा इतर कोणाची गहाण नोंद रजिस्टरवर असेल तर ती वारसांच्या नावांखाली तशीच राहते. बाबांनी फेडलंय हे बँकेचं पत्र पुरत नाही, गहाणखतावर पावती घेऊन ती रजिस्ट्रारकडे नेऊन नोंद उडवावी लागते. फेडून दहा वर्षं झालेली आणि नोंद अजून जिवंत असलेली उदाहरणं मी बघितलीत. फेडलं नसेल तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, पण बँक बोटीवर हात टाकू शकते.

विमा. इथे लोक उलटं समजतात. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे वारसाहक्काने हित कायद्यानेच पुढे जातं, पॉलिसी त्या कारणाने मरत नाही. विक्रीत मात्र पॉलिसी आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही. तरीही मृत्यू झाल्यावर विमा कंपनीला लगेच पत्र द्या आणि नाव बदलून घ्या, नाहीतर बोट बुडाल्यावर क्लेमच्या टेबलावर "तुम्ही कोण" इथून सुरुवात होते.

मासेमारी परवाना महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा, तो नोंदणीपेक्षा वेगळा कागद आहे. मालक बदलला की त्याचा अर्ज वेगळा टाका. सोसायटीचं सभासदत्व आणि डिझेल कोटा तिसरा. हे तिन्ही १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात उरका, बोट किनाऱ्यावर असते, तपासणीला माणूस आला तर दाखवता येते. ऑगस्टमध्ये अर्ज टाकून "सीझन बुडतोय हो" म्हणून रडू नका.

८. आता विका

वारसांची नावं चढली, उतारा हातात आहे. आता बिल ऑफ सेल, म्हणजे जहाजाचं खरेदीखत.

आधी खलाशांचे पैसे. जहाजाच्या बाबतीत कलम ४२ सांगतं की त्या जहाजावरच्या नोकरीचे पगार आणि देणी चुकती झाल्याशिवाय आणि डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगला नोटीस दिल्याशिवाय हस्तांतरण वैध नाही. घेणाऱ्यानेही हे हलक्यात घेऊ नये, कारण २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यात पगाराचा बोजा जहाजालाच चिकटलेला असतो, मालक बदलला म्हणून सुटत नाही. म्हणून तांडेलपासून शेवटच्या खलाशापर्यंत प्रत्येकाची सहीची पावती घ्या, "काही येणे नाही" अशी.

बिल ऑफ सेल ठरलेल्या नमुन्यात, लेखी, विकणाऱ्या सगळ्या मालकांच्या सह्या, कमीत कमी दोन साक्षीदार. जहाजाचं वर्णन सर्व्हेअरच्या सर्टिफिकेटवरून उतरवा, आठवणीतून नको. घेणाऱ्याने मालकीचं डिक्लेरेशन जोडून नोंदणी बंदराच्या रजिस्ट्रारकडे द्यायचं.

आणि हे त्याच आठवड्यात करा. रजिस्ट्रार कागद ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने चढवतो, त्यावर तारीख आणि वेळसुद्धा टाकतो. तुम्ही घेणारे असाल, पूर्ण पैसे देऊन कागद घरी ठेवला आणि विकणाऱ्याने मधल्या काळात तीच बोट दुसऱ्याला विकून त्याने आधी नोंद केली तर तुम्ही कोर्टात आणि तो समुद्रात.

मासेमारी बोट दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आपल्या खात्याची ना हरकत आणि इथली नोंद रद्द झाल्याचा कागद आधी घ्या. मागे एक बोट परराज्यात गेली, रंग बदलला, नाव बदललं, इथली नोंद मात्र तशीच. नंतर ती तिकडे कुठल्या तरी लफड्यात सापडली आणि चौकशीचं पत्र आलं ते इथल्या विधवा मालकिणीच्या दारात. तिने मला ते पत्र दाखवलं तेव्हा पहिली गोष्ट विचारली, की अहो भाऊ, आमची बोट तर विकून तीन वर्षं झाली ना?